विटा, कौलं आणि रॉबिन्सन क्रूसो

पीएल सुरू झाली की सिलॅबसमध्ये नसलेली प्रत्येक गोष्ट इंटरेस्टिंग वाटायला लागते, हा होस्टेलचा जुना नियम आहे. कोणी स्वेटर विणायला घेतं, कोणी कपाट आवरायला काढतं. मी मागच्या पीएलमध्ये लायब्ररीच्या ‘जनरल’ कपाटातून ‘रॉबिन्सन क्रूसो’ काढलं. लायब्ररीतले काका म्हणाले, "लहान मुलांचं आहे हे. चालेल ना?" मलाही तसंच वाटत होतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पाचवीत हस्ताक्षर स्पर्धेत मला हेच पुस्तक बक्षीस मिळालं होतं. चित्रांचं, जेमतेम शंभर पानांचं. एक माणूस, एक बेट, एक पोपट, वाळूत उमटलेलं एक पाऊल, आणि शेवटी जहाज येतं. संपलं.

(माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालंय. या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ रूममेटने तपासलेत, तेव्हा चुका राहिल्या असतील तर त्या तिच्या.)

मूळ पुस्तक मात्र भलतंच निघालं. निम्मी हिशेबाची वही आणि निम्मं वर्कशॉपचं जर्नल! बुडालेल्या जहाजावरून काय काय आणलं त्याची यादी, एक फळी करायला किती दिवस लागले त्याची नोंद, आणि एका ठिकाणी तर आपल्या नशिबातलं वाईट आणि चांगलं समोरासमोर दोन रकान्यांत मांडलेलं, जमा-खर्चासारखं. मग ते मडक्यांचं प्रकरण आलं. क्रूसो माती मळतो, भांडी करतो, उन्हात वाळवतो. ती कोरड्या धान्याला चालतात, पण पाणी धरत नाहीत. एकदा शेकोटीत राहिलेला फुटका तुकडा त्याला सापडतो, दगडासारखा टणक आणि लाल झालेला. मग तो भांडी रचून भोवती जाळ करतो, ती लाल होईपर्यंत तापवतो आणि तशीच पाच-सहा तास ठेवतो. एक भांडं वितळायला लागतं, कारण मातीत मिसळलेली वाळूच पाझरू लागलेली असते. तेव्हा तो जाळ हळूहळू कमी करत रात्रभर राखण करत बसतो. भांडी एकदम थंड होऊ नयेत म्हणून.

सिव्हिलवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय का काही? विटेतली वाळू थोडी वितळून कण एकमेकांना धरतात, जास्त तापली तर वीट वेडीवाकडी होते, घाईने थंड केली तर तडकते. आमच्या सरांनी यावर दोन लेक्चर्स घेतली होती (पैकी एकाला मी जागी होते). इथे एक कादंबरीवाला तेच एका परिच्छेदात सांगून मोकळा होतो. वर क्रूसोच्या तोंडी घालतो की मला कुंभाराच्या भट्टीची काही कल्पना नव्हती! क्रूसोला नसेल. लिहिणाऱ्याला चांगलीच होती. डॅनियल डीफोचा स्वतःचा विटा-कौलांचा कारखाना होता, आणि तो बुडाला होता.

हे प्रस्तावनेत वाचलं आणि माझी पीएल संपली.

त्यामागे एक कारणही आहे. माझ्या बाबांचं बिल्डिंग मटेरियलचं छोटं दुकान होतं. सिमेंट, टाइल्स, पाइप वगैरे. मी अकरावीत असताना ते बंद करावं लागलं. ज्यांच्या घरी असं काही झालंय त्यांना सांगायला नको. फोन वाजला की आई माझ्याकडे बघायची आणि मी म्हणायचे, "बाबा बाहेरगावी गेलेत." बाबा तेव्हा आतल्या खोलीत असायचे. नंतर नातेवाईक एकच वाक्य म्हणायचे, "त्यांना धंदा जमलाच नाही." तर हा डीफो नावाचा माणूस मला नुसता लेखक म्हणून दिसेना.

डीफो लंडनमध्ये १६६० च्या आसपास जन्मला, मेणबत्तीवाल्या जेम्स फो यांचा मुलगा. आडनाव नुसतं ‘फो’. पुढे पस्तिशीच्या आसपास त्याने स्वतःच त्यामागे ‘डी’ लावला, खानदानी वाटावं म्हणून. घरचे लोक डिसेंटर, म्हणजे राजाच्या अधिकृत चर्चपासून वेगळे राहिलेले प्रोटेस्टंट. त्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे बंद. तो शिकला चार्ल्स मॉर्टन यांच्या अकॅडमीत. तिथे लॅटिनऐवजी इंग्रजीतून शिकवत आणि विज्ञानावर भर असे. त्याची साधी, सरळ, बाजारात चालेल अशी भाषा तिथली असावी असं मला वाटतं.

मग धंदे. मोजे, दारू, तंबाखू, जे मिळेल ते. १६८४ मध्ये मेरी टफ्लीशी लग्न झालं, ३७०० पौंड हुंडा मिळाला (तिकडेही होता तर!). तो गेला कुठे, याचा अंदाज पुढच्या दोन उद्योगांवरून करा. एक, अत्तरासाठी सत्तरेक जवादी मांजरं विकत घेतली, तीही उधारीवर. दोन, समुद्रात बुडालेला खजिना काढण्याच्या पाणबुड्या यंत्रात पैसे घातले. मांजरांच्या व्यवहारात सासूबाईंचे पैसे अडकले आणि त्यांनी जावयावर दावा लावला. १६९२ मध्ये १७,००० पौंडांचं दिवाळं निघालं. त्या काळी साधा मजूर वर्षाला पंधरा-वीस पौंड कमवायचा, म्हणजे बघा. घेणेकऱ्यांना चुकवायला तो ब्रिस्टलमध्ये लपून राहिला आणि फक्त रविवारी झकपक कपडे घालून बाहेर पडायचा, असं सांगतात. कारण रविवारी कर्जासाठी अटक करता येत नसे! दंतकथा असेल, पण आमच्याकडे रविवारी फोन यायचा नाही हे खरं आहे.

तरी हा माणूस उठला. टिलबरीला थेम्स नदीकाठी त्याने विटांचा आणि कौलांचा कारखाना काढला. इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली ही कौलं तोपर्यंत हॉलंडहून यायची. ती इथेच भाजली तर स्वस्त पडतील, असा सरळ हिशेब. शंभर गरीब कुटुंबांना काम दिलं असं तो स्वतः सांगतो. हा धंदा चालला. जुनी देणीही तो फेडू लागला. याच काळात, १६९७ मध्ये, त्याचं योजनांचं पुस्तक आलं. रस्ते, बँका, विमा, दिवाळखोरांसाठी माणुसकीचा कायदा, आणि मुलींसाठी कॉलेज! १६९७ हे साल परत एकदा वाचा, आणि लेडीज होस्टेलने डीफोसाहेबांना एक टाळी द्यावी.

मग त्याने एक जोक केला. तो अंगाशी आला.

डिसेंबर १७०२ मध्ये त्याने एक निनावी पत्रिका काढली. कट्टर चर्चवाल्याचा आवाज काढून त्याने लिहिलं की डिसेंटर लोकांचा एकदाचा निकाल लावा, त्यांच्या धर्मोपदेशकांना फाशी द्या आणि ऐकणाऱ्यांना हद्दपार करा. हेतू असा की हे वाचून कट्टरपणा किती भयंकर आहे ते कळेल. झालं उलटं. गॅदरिंगमध्ये कोणी मिमिक्री करावी आणि ती खरी समजून टाळ्या पडाव्यात, तसं झालं. काही कट्टर लोकांना पत्रिका मनापासून पटली! खरा प्रकार कळल्यावर ते जास्तच भडकले, आणि डिसेंटर तर आधीपासून चिडलेले. सरकारने त्याला पकडण्यासाठी ५० पौंड बक्षीस लावलं. जाहिरातीत वर्णन होतं, त्यामुळे आज आपल्याला त्याचा चेहरा माहीत आहे: बाकदार नाक, टोकदार हनुवटी, करडे डोळे, तोंडाजवळ मोठा तीळ. मे १७०३ मध्ये तो सापडला. शिक्षा काय, तर २०० मार्क दंड (हे मार्क पैशांचे, आपले नव्हेत), बेमुदत तुरुंग, आणि तीन दिवस पिलरी. भर चौकात खांबावरच्या फळीत मान आणि मनगटं अडकवून उभं करायचं आणि लोकांनी दगड, अंडी, घाण काय वाटेल ते मारायचं, असा तो प्रकार. माणसं मरायचीही त्यात. याने त्याआधीच पिलरीवरच एक कविता लिहून छापली, आणि २९ ते ३१ जुलै त्याला उभं केलं तेव्हा ती आजूबाजूला विकली जात होती. लोकांनी फुलं उधळली असं म्हणतात. काही असो, डोकं फुटलं नाही.

कारखान्याची मात्र वाट लागली. मालक आत, देखरेख करायला कोणी नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुटला तेव्हा टिलबरीचा धंदा बुडालेला होता.

आता पुढचं नीट वाचा. सुटकेनंतर तीनच आठवड्यांनी, २६-२७ नोव्हेंबर १७०३ च्या रात्री, दक्षिण इंग्लंडवर असं वादळ आलं की तसं तिथे पुन्हा क्वचितच आलं असेल. जहाजं बुडाली, हजारो खलाशी गेले, चर्चची शिसाची छपरं कागदासारखी गुंडाळली गेली. लंडनच्या जवळजवळ प्रत्येक घरावरची कौलं उडाली. डीफोने पेपरात जाहिरात देऊन जागोजागच्या लोकांकडून पत्रं मागवली आणि १७०४ मध्ये या वादळावर जाडजूड पुस्तक काढलं. पत्रकारितेचे अभ्यासक आज त्याला फार मान देतात. पण मी अडकले ती त्यातल्या एका नोंदीवर. वादळानंतर साधी कौलं हजारी २१ शिलिंगांवरून ६ पौंडांवर गेली, आणि वळणाची कौलं, म्हणजे हा स्वतः भाजायचा तीच, ५० शिलिंगांवरून १० पौंडांवर.

त्याने ते नुसतं नोंदवलंय. आपलाही एक कारखाना होता असं त्या ठिकाणी एक अक्षर नाही.

त्या रात्री मी घरी फोन केला तेव्हा बाबांना हे सांगितलं. बाबा कादंबऱ्या वाचत नाहीत. त्यांनी विचारलं, "पौंडाचे शिलिंग किती?" म्हटलं, वीस. क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे चौपट." मग जरा वेळाने, "आणि ह्याच्याकडे माल नव्हता?" मी म्हटलं, नव्हता. बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग म्हणाले, "पुढे काय केलं त्याने?"

पुढे त्याने लेखणी भाड्याने दिली. त्याला तुरुंगातून सोडवणारे मंत्री रॉबर्ट हार्ली यांच्यासाठी तो हेरगिरी करू लागला. १७०६ मध्ये स्कॉटलंड-इंग्लंड एक करण्याची खटपट चालली होती तेव्हा तो एडिंबराला जाऊन राहिला आणि प्रत्येकाला वेगळी थाप मारली. याला सांगायचं जहाजं बांधायची आहेत, त्याला घर घ्यायचंय, कुणाला मासळीचा व्यापार, कुणाला लोकर. शिवाय ‘रिव्ह्यू’ नावाचं पत्र १७०४ ते १७१३ जवळजवळ एकट्याने लिहिलं, बहुतेक काळ आठवड्यातून तीनदा. (आपलं हे मॅगझिन वर्षातून एकदा निघतं, तरी संपादक मंडळ लेखांसाठी रूमचे दरवाजे वाजवत फिरतं.)

आणि मग २५ एप्रिल १७१९ रोजी, साठीला टेकलेला असताना, ‘रॉबिन्सन क्रूसो’. पुस्तकावर त्याचं नाव नाही, ही क्रूसोने स्वतः लिहिलेली हकिकत आहे असा दावा. चार महिन्यांत चार आवृत्त्या. त्यानंतर पाच वर्षांत ‘मोल फ्लँडर्स’, प्लेगच्या वर्षाची रोजनिशी, ‘कर्नल जॅक’, ‘रोक्साना’. प्लेग आला १६६५ मध्ये, तेव्हा डीफो पाच वर्षांचा. पण मृतांचे आठवडी आकडे, गल्ल्यांची नावं सगळं इतकं नेमकं की पुढे कित्येक जण ती खरी रोजनिशीच समजले.

आता समीक्षकांकडे येऊ. त्यांनी डीफोचे पेपर तीनशे वर्षं तपासले आणि दर वेळी निकाल वेगळा लावला.

स्विफ्टने, म्हणजे आपल्या ‘गलिव्हर’वाल्याने, पिलरीत उभा केलेला तो इसम, नाव विसरलो, अशा थाटात त्याचा उल्लेख केला. पोपने आपल्या विडंबनकाव्यात त्याला पिलरीवर कान कापलेल्या अवस्थेत उभं केलं. कान कापलेच नव्हते, पण कवितेला कोण विचारणार! चार्ल्स गिल्डनने तर १७१९ मध्येच एक आख्खी पुस्तिका काढून क्रूसोतल्या चुका शोधल्या. सगळ्यात गाजलेली अशी: क्रूसो कपडे काढून जहाजाकडे पोहत जातो आणि तिथे पोचल्यावर खिशात बिस्किटं भरतो. खिसे आले कुठून? (व्हायव्हाला एक्स्टर्नल असाच एक प्रश्न काढतात.) या सगळ्यांचा मुख्य राग असा होता की हा मोजे विकणारा माणूस, हा कसला लेखक! गिल्डनच्या पुस्तिकेच्या शीर्षकातच त्याचा मोज्यांचा धंदा आहे.

नंतर रूसोने १७६२ मध्ये ‘एमिल’मध्ये हे पुस्तक मुलाला सर्वांत आधी द्यावं असं ठरवलं. त्याने क्रूसोचं भलं झालं, डीफोचं नाही. बेट उरलं, लेखक पुसला गेला, आणि पुस्तक बाळगोपाळांच्या कपाटात गेलं. माझ्या बक्षिसाची प्रत त्याच कपाटातली. तिच्यात झ्युरी नावाचा मुलगा होता, पण गुलामीतून क्रूसोबरोबर पळालेल्या त्या मुलाला क्रूसो साठ नाण्यांना विकून टाकतो, ते पान नव्हतं. क्रूसोचं जहाज फुटतं तेव्हा तो आफ्रिकेतून गुलाम आणायला निघालेला असतो, हेही नव्हतं. फ्रायडेला तो पहिल्याच धड्यात शिकवतो की मला ‘मास्टर’ म्हणायचं. ते होतं, पण पाचवीत आपण सगळ्यांनाच ‘सिस्टर’, ‘मॅडम’, ‘सर’ म्हणत असतो, तिथे कोण अडखळणार? पुढे कुत्सी या दक्षिण आफ्रिकेच्या लेखकाने १९८६ मध्ये ‘फो’ कादंबरी लिहिली. तिच्यात फ्रायडेची जीभच कापलेली आहे, त्यामुळे त्याची गोष्ट कुणालाच सांगता येत नाही. ती वाचल्यावर मूळ पुस्तक पहिल्यासारखं वाचता येत नाही, आणि ते बरंच आहे. डीफो मला आवडतो म्हणून हिशेबातली ही रक्कम मी खोडणार नाही.

एकोणिसाव्या शतकात आणखी एक धक्का. १८६४ मध्ये सरकारी दप्तरात डीफोची १७१८ सालची पत्रं सापडली. एका पक्षाकडून गुपचूप पैसे घेऊन तो विरोधी पक्षाच्या पेपरात काम करत होता, त्यातली धार बोथट करण्यासाठी. झालं! विल्यम मिंटोने १८७९ मध्ये त्याला बहुधा जगातला सर्वांत मोठा खोटारडा ठरवलं. लेस्ली स्टीफनच्या मते त्याच्याकडे फक्त बारीक तपशील देऊन खोटं खरं भासवण्याची हातोटी होती, भावना आणि माणसाचं अंतरंग यांच्या नावाने आनंदच. गंमत म्हणजे त्याच्याच मुलीने, व्हर्जिनिया वुल्फने, पुस्तकाला दोनशे वर्षं झाली तेव्हा १९१९ मध्ये लेख लिहून ‘मोल फ्लँडर्स’ आणि ‘रोक्साना’ यांना इंग्रजीतल्या मोजक्या निर्विवाद थोर कादंबऱ्यांत बसवलं. पुढे क्रूसोवरच्या लेखात तिने बोट ठेवलं ते नेमकं त्या मातीच्या मडक्यावर! १९५७ मध्ये इयान वॉटने कादंबरीच्या उदयावरच्या पुस्तकात डीफोला पहिल्या रांगेत आणलं. साधी माणसं, पैसा, रोजचा वेळ, वस्तूंची नावं या सगळ्यामुळे नवा वाङ्मयप्रकार तयार झाला, असं त्याचं म्हणणं.

म्हणजे ज्या हिशेबीपणासाठी डीफोला नापास केलं त्याच हिशेबीपणासाठी पुढे डिस्टिंक्शन मिळालं. मला यात वुल्फ आणि वॉट बरोबर वाटतात, पण मी एक गोष्ट वाढवीन. हा हिशेब दुकान बुडालेल्या माणसाचा आहे. ज्याचं नीट चाललंय तो इतकं मोजत नाही. मोल फ्लँडर्स प्रत्येक नवऱ्यानंतर हातात किती उरलं ते सांगते, क्रूसो जहाजावरचा शेवटचा खिळा मोजतो. आमच्या घरात दुकान चालू होतं तेव्हा किराण्याची वही आई लिहायची नाही. ती नंतर सुरू झाली. स्टीफनला तिथे भावना दिसली नाही. मला त्या याद्यांमध्येच ती दिसते.

आणखी एक घोळ अजून चालू आहे. डीफोने लिहिलं किती? जवळपास सगळं निनावी, त्यामुळे अभ्यासकांनी शैलीवरून अंदाज करत यादी वाढवत नेली. अठराव्या शतकाच्या अखेरीला शंभराच्या आसपास नोंदी होत्या, त्या १९६० मध्ये जॉन रॉबर्ट मूर यांच्या यादीत साडेपाचशेच्या घरात गेल्या. मग फरबँक आणि ओवेन्स या दोघांनी १९९४ मध्ये रिव्हॅल्युएशन केलं आणि अडीचशेच्या वर नोंदी पुराव्याअभावी काढून टाकायला सांगितल्या. म्हणजे इतकी वर्षं लोक ज्या डीफोबद्दल ठाम मतं देत होते, त्यातला निम्मा कदाचित दुसराच कोणीतरी होता.

डीफो २४ एप्रिल १७३१ रोजी गेला, रोपमेकर्स ॲली नावाच्या गल्लीत, घरच्यांपासून लांब. जुन्या कर्जाचा एक दावा पुन्हा उभा राहिला होता, म्हणून तो लपून होता असं चरित्रकार मानतात. दफनाच्या नोंदवहीत नाव लिहिताना कारकुनाने चूक केली आणि ‘मिस्टर डुबो’ असं लिहिलं. मराठी वाचकाला यावर हसावं की काय करावं ते कळत नाही. कबरीवर आज उंच स्तंभ आहे, तो १८७० चा. एका ख्रिस्ती साप्ताहिकाने मुलामुलींना आवाहन केलं आणि सुमारे १७०० जणांच्या वर्गणीतून तो उभा राहिला.

बाबांना मी स्तंभाचं सांगितलं. त्यांना त्यात फार रस वाटला नाही. त्यांना आवडली ती दुसरी गोष्ट. विल्यम ली नावाचा डीफोचा चरित्रकार १८६० मध्ये टिलबरीला गेला होता. तिथे रेल्वेसाठी खोल खोदकाम चाललं होतं आणि ते नेमकं जुन्या कारखान्याच्या जागेतून जात होतं. विटा आणि कौलं ढिगाने निघत होती, मजूर ती बाजूला फेकत होते. विटा अरुंद कशा, एवढंच कुतूहल त्यांना होतं. लीने विचारलं की या इथे आल्या कशा असतील, तर सगळ्यांनी माना हलवल्या. मग त्याने सांगितलं की एकशे साठ वर्षांपूर्वी ज्याने या विटा केल्या त्यानेच रॉबिन्सन क्रूसो लिहिलाय. लेखकाचं नाव त्याला घ्यावंच लागलं नाही. मजूर हातातलं काम टाकून भोवती जमले, पाठोपाठ हमाल आले, स्टेशनमास्तरही आला, आणि मघाशी फेकलेल्या ढिगातला एकेक तुकडा उचलून जो तो निरखू लागला.

"भाजणी कशी होती म्हणे?" बाबांनी विचारलं.